मागचा स्पीकर कशासाठी

गडचिरोलीतल्या धानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता ‘होम थिएटर’ घरोघर पोहोचलं आहे. एक जाडजूड वूफर, चार-पाच लहान बॉक्स आणि समोर लुकलुकणारा निळा दिवा. दोन बॉक्स टीव्हीच्या दोन बाजूंना, दोन पलंगाच्या डोक्याशी खिळ्यांना टांगलेले. गाणं लावलं की चारही बॉक्समधून तेच गाणं, तितक्याच मोठ्यानं. गाणारी समोर दिसते आणि तिचा आवाज आपल्या डोक्यामागच्या भिंतीतून येतो. तासाभरात कान शिणतात आणि घरातलं कोणीतरी मागचे बॉक्स बंद करायला सांगतं. सांगणाऱ्याचं बरोबरच असतं. समोरच्या आवाजाची नक्कल मागून वाजवणं हा मागच्या स्पीकरचा उपयोगच नव्हे.

त्याचं खरं काम निराळं आहे. गाणं जिथं गायलं गेलं ती जागा ऐकणाऱ्याच्या भोवती उभी करायची, आणि गाणारा मात्र समोरच ठेवायचा. दोन स्पीकरचा साधा स्टिरिओ, माळ्यावर धूळ खात पडलेली जुन्या बॉक्सची जोडी आणि काही मीटर वायर एवढ्या सामानात हे साधतं. नवा ॲम्प्लिफायर लागत नाही. पण ते का साधतं हे समजून घेतलं तरच नीट साधतं, म्हणून आधी कानाकडे वळू.

धानोऱ्याहून मुरुमगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री वस्ती मागे पडली की क्षणभर थांबून डोळे मिटावेत. आपण झाडीत आहोत की धानाच्या मोकळ्या बांध्यांशी, हे कान लगेच सांगतो. बांध्यांवर टिटवी ओरडली तर आवाज येतो आणि संपतो. झाडीत तोच आवाज शेकडो खोडांवर आपटून विखुरतो आणि किंचित रेंगाळून आपल्यापर्यंत येतो. पिंगळा पाठीमागे बोलला तर मान न वळवता कळतं की मागे बोलला. डावी-उजवी बाजू कळते ती दोन कानांमुळे. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानापर्यंत पोहोचायला फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद जास्त लागतात, आणि मेंदू तेवढा फरकही मोजतो. पुढचं-मागचं ओळखायला कानाच्या पाळीच्या वळ्या मदत करतात. मागून येणारा आवाज त्या वळ्यांमुळे थोडा बदलून आत जातो. शंका उरली तर आपण नकळत मान जराशी हलवतो आणि ती मिटते.

बंद जागेत हा खेळ आणखी रंगतो. साधारण २० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला त्याला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. (चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात हाच वेग ३५८ मीटरच्या आसपास जातो. हवा तापली की आवाजही घाई करतो.) दहा बाय बाराच्या खोलीत मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजामागून ५-६ मिलिसेकंदांत येतो, आणि कान त्या दोघांना एकच समजतो. मोठ्या सभागृहात भिंती दूर असतात. तिथं परतणारे आवाज उशिरा, वेगवेगळ्या दिशांनी, एकामागून एक येत राहतात आणि हळूहळू विरतात. आवाज साठ डेसिबलनं खाली यायला लागणाऱ्या वेळाचं गणित अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलं. खोली जेवढी मोठी तेवढा आवाज जास्त रेंगाळतो. माणसं, कापड, गवत असं आवाज पिणारं जेवढं जास्त तेवढा तो लवकर मरतो. १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल हे गणित वापरून बांधला गेला. व्हिएन्नातल्या म्युझिकफेराइनच्या प्रसिद्ध सभागृहात आवाज विरायला सुमारे २ सेकंद लागतात. शेणानं सारवलेल्या, कवेलूंच्या घरात तो केव्हाच विरतो. मार्कंड्यासारख्या जुन्या दगडी देवळाच्या मंडपात ओंकार का भरून राहतो आणि घरात का नाही, त्याचं उत्तर एवढंच आहे.

यातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मोठ्या सभागृहात वादकापासून साधारण ५ मीटरच्या पलीकडे बसलेल्या श्रोत्याला थेट येणाऱ्या आवाजापेक्षा भिंतींवरून आणि छतावरून आलेलाच आवाज जास्त मिळतो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या रांगेपासून मागे बसलेला माणूस वादकापेक्षा जागाच जास्त ऐकत असतो. आणि ती जागा त्याला समोरून ऐकू येत नाही. ती बाजूंनी, वरून, पाठीमागून येते. म्हणूनच त्याला आपण संगीताच्या आत बसलो आहोत असं वाटतं.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी माइक भिंतींवरून परतणारी ही सगळी गुंज इमानानं टिपतो. घरी मात्र ती दोनच स्पीकरांतून, समोरूनच, गायकाच्याच दिशेनं परत येते. गुंज आहे, पण तिची दिशा गेलेली आहे. मागच्या स्पीकरनं भरून काढायचं ते हे नुकसान.

आता प्रश्न असा की गाणं आणि गुंज एकाच तारेत मिसळलेली असताना नुसती गुंज वेगळी कशी काढायची? उत्तर प्राथमिक शाळेतल्या वजाबाकीत आहे. गायिका मंचाच्या मध्यभागी उभी आहे असं धरू. तिचा आवाज डाव्या आणि उजव्या दोन्ही वाहिन्यांत सारखाच असतो. डाव्यातून उजवा वजा केला की ती शून्य होते. गुंजेचं तसं होत नाही. डाव्या माइकपर्यंत आलेली गुंज आणि उजव्यापर्यंत आलेली गुंज वेगळ्या भिंतींवरून, वेगळ्या वाटांनी आलेली असते. त्यांच्या लहरी एकमेकींशी जुळत नाहीत. वजाबाकी केली तरी ती उरते. टाळ्या उरतात, श्रोत्यांची कुजबुज उरते, मागच्या रांगेतलं खोकणंही उरतं. स्टिरिओ गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकायची कराओकेवाल्यांची जुनी युक्ती हीच. त्यांना गायक नको असतो म्हणून ते वजाबाकी करतात, आपण जागा हवी म्हणून करतो.

ही वजाबाकी कोणी बाहेरून आणून स्टिरिओवर लादलेली नाही, ती त्याच्या पोटातच आहे. लंडनमध्ये इएमआय कंपनीत काम करणाऱ्या ॲलन ब्लमलाइन यांनी डिसेंबर १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातच दोन वाहिन्यांची बेरीज आणि फरक यांचं गणित मांडलेलं आहे. स्टिरिओ तबकडीच्या खाचेत सुई आडवी हलते ती बेरजेमुळे आणि वर-खाली हलते ती फरकामुळे. एफएम रेडिओवरही बेरीज मूळ जागी पाठवतात आणि फरक ३८ किलोहर्ट्झच्या वेगळ्या वाहक लहरीवर चढवून पाठवतात, म्हणजे साध्या मोनो रेडिओला तो जाणवतही नाही. तबकडीनं आणि रेडिओनं हा फरक पहिल्यापासून निराळा सांभाळला. घरच्या श्रोत्यानं तो निराळा ऐकायचा मात्र राहून गेला.

ती वाट दाखवली डेव्हिड हॅफलर (१९१९–२००३) यांनी. फिलाडेल्फियातल्या डायनाको या कंपनीचे ते एक संस्थापक. ही कंपनी ॲम्प्लिफायरचे सुटे भाग आणि नकाशा विकायची आणि लोक घरी बसून डाग देऊन ते जोडायचे. १९७० च्या सुमारास हॅफलर यांनी दाखवून दिलं की फरक काढायला एकही नवा सुटा भाग लागत नाही. मागचा स्पीकर ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या लाल टोकांच्या मध्ये लावला की वजाबाकी तो स्वतःच करतो. दोन्ही लाल टोकांवर सारखाच विद्युतदाब असेल तर त्यांच्यामधून प्रवाह वाहत नाही, स्पीकर गप्प राहतो. जिथं फरक असेल तिथंच तो बोलतो.

त्याच सुमारास बड्या कंपन्या चार वाहिन्यांच्या क्वाड्राफोनिक पद्धती बाजारात आणत होत्या. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस, जेव्हीसीची सीडी-४. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर धड वाजेना, गिऱ्हाईक गोंधळलं आणि दहा वर्षांच्या आत तो सगळा बाजार बसला. हॅफलर यांची दोन टोकांची जोडणी मात्र टिकून राहिली, कारण तिला खास तबकडी लागतच नव्हती. १९८२ साली ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी आपल्या ‘ॲम्बियंट ४: ऑन लँड’ या तबकडीसोबत श्रोत्यांसाठी अशाच तिसऱ्या स्पीकरची आकृती दिली. त्याच वर्षी डॉल्बी सराउंड घरगुती यंत्रांत आलं. त्याच्या मुळाशी हाच फरक होता. भर पडली होती ती मागचा आवाज सुमारे २० मिलिसेकंद उशिरा सोडण्याची आणि त्याचे अतितार स्वर ७ किलोहर्ट्झच्या वर कापण्याची.

चित्रपटगृहांत यापेक्षा खर्चिक वाट आधीच रुळली होती. १९७५ चा ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या प्रतीवर, चुंबकीय पट्ट्यांवरच्या सहा वाहिन्यांसह दाखवला गेला. त्या पद्धतीत पाच वाहिन्या पडद्यामागे आणि एक प्रेक्षकांच्या भोवती असते. नाणं पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहायचे, ही गोष्ट त्या पिढीतले लोक अजून रंगवून सांगतात. पाचाला एक हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगं आहे. मुंबईचं मिनर्व्हा चित्रपटगृह असलं तरी भोवतालच्या आवाजाचा वाटा एवढाच होता.

आता प्रत्यक्ष जोडणी. ॲम्प्लिफायर बंद करायचा आणि पिन भिंतीतून काढायची. त्याच्या पाठीवर स्पीकरची चार टोकं असतात: डाव्याचं लाल आणि काळं, उजव्याचं लाल आणि काळं. समोरचे स्पीकर आहेत तसेच राहू द्यायचे. मागच्या डाव्या बॉक्सचं लाल टोक ॲम्प्लिफायरच्या डाव्या लालला जोडायचं आणि मागच्या उजव्याचं लाल उजव्या लालला. मागच्या दोन्ही बॉक्सची काळी टोकं एकमेकांना जोडून चिकटपट्टी गुंडाळायची. ती ॲम्प्लिफायरच्या काळ्या टोकांना लावायची नाहीत. एवढीच जोडणी. वायर ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटरची दोनपदरी घ्यावी. दहा मीटर लांबीत १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.३५ ओहम भरतो, तेवढा चालतो.

मागे एकच बॉक्स लावूनही काम होतं, पण मी दोन लावायला सांगतो, आणि त्याला कारण आहे. ८ ओहमचे दोन बॉक्स एकामागे एक जोडले की त्यांचा रोध १६ ओहम होतो. डाव्या-उजव्यातला आवाज अगदी उलटा असेल त्या क्षणी प्रत्येक वाहिनीला त्यातला निम्मा, म्हणजे ८ ओहमचा भार जाणवतो. समोरच्या ८ ओहमच्या स्पीकरशी मिळून तो ४ ओहम होतो. बहुतेक चांगले ॲम्प्लिफायर ४ ओहम पेलतात; आपल्याचं काय ते त्याच्या पाठीवर छापलेलं असतं. मागे एकच ८ ओहमचा बॉक्स लावला तर हाच भार २.७ ओहमपर्यंत उतरतो आणि आवाज वाढवला की यंत्र तापतं. समोरचे स्पीकर मुळातच ४ ओहमचे असतील तर मागच्या जोडीबरोबर १० ओहम, १० वॅटचा एक वायरवाउंड रेझिस्टर घालावा. भारही हलका होतो आणि मागचा आवाजही आपोआप बेताचा होतो.

काही ॲम्प्लिफायरवर हा प्रयोग करू नये, आणि हे नीट वाचावं. हल्लीच्या स्वस्त ब्लूटूथ बोर्डांत आणि गाड्यांच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांवर आवाज सोडलेला असतो. काळं टोक जमिनीशी, म्हणजे यंत्राच्या शून्याशी, जोडलेलं नसतं. पिन काढलेल्या स्थितीत मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही काळ्या टोकांना लावावा. जवळपास शून्य दाखवलं तर ती आतून एकच आहेत आणि पुढे जायला हरकत नाही. नसेल दाखवत तर तिथंच थांबावं. लग्नकार्यात आणि मंडईच्या जत्रेत भोंग्यांना लावतात तो लाऊडस्पीकरचा ॲम्प्लिफायरही या कामाचा नाही. तो मुळात मोनो असतो आणि त्याच्या लाइनवर १०० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. आणि जोडताना दोन लाल टोकं थेट एकमेकांना चिकटली तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात, म्हणून वायरचे मोकळे केस पिळून घ्यावेत. हे सगळं अवघड वाटत असेल तर गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलवावं. त्याला हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे.

जोडणी झाली की पहिली परीक्षा मोनो गाण्याची. बालगंधर्वांचं एखादं जुनं पद लावावं, किंवा पन्नासच्या दशकातलं मोनोच असलेलं कुठलंही हिंदी गाणं. डावं आणि उजवं अगदी सारखं असल्यामुळे मागचे बॉक्स गप्प बसायला हवेत. मागून गाणं मोठ्यानं आलं तर जोडणी चुकली आहे. अगदी क्षीण आलं तर बॅलन्सची कळ किंचित इकडे-तिकडे फिरवावी. मागचा गाण्याचा आवाज जिथं सर्वांत कमी होईल तो या यंत्राचा खरा मध्य. कळीवरची रेघ अनेकदा तिथं नसते. वर्षानुवर्षं थोडा एकीकडे झुकलेला स्टिरिओ असा पहिल्यांदा सरळ होतो, आणि हा फायदा मागचे बॉक्स काढून टाकले तरी राहतो.

मग स्टिरिओ मैफल लावावी आणि मागच्या बॉक्सची जागा ठरवावी. सगळा कस इथं लागतो. जुन्या स्टिरिओ मुद्रणांत तबला पार डावीकडे आणि सतार पार उजवीकडे असायची. अशी वाद्यं वजाबाकीत जात नाहीत, ती मागेही पोहोचतात. मागचा बॉक्स कानाजवळ असेल तर तबला आधी मागून ऐकू येईल आणि मैफल फिरून पाठीमागे बसेल. जर्मनीत ग्योटिंगेनला हेल्मुट हास यांनी १९४९ साली प्रबंधात दाखवलेली गोष्ट इथं कामाला येते. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला तर कान आधी पोहोचलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. नंतरचा आवाज साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आला तर तो वेगळा ऐकूच येत नाही, पहिल्याला भरीवपणा देऊन जातो. पुष्कळदा तो १० डेसिबलनं मोठा असला तरीही. तेव्हा मागच्या आवाजाला उशीर व्हायला हवा, आणि उशीर म्हणजे अंतर. समोरचे स्पीकर अडीच मीटरवर असतील तर मागचे त्याहून दूर हवेत.

लहान घरात एवढी जागा कुठून आणायची? बॉक्स आपल्याकडे तोंड करून ठेवायचेच नाहीत. तोंड मागच्या भिंतीकडे किंवा आढ्याकडे वळवावं, म्हणजे आवाज आपटून, लांबची वाट घेऊन, पसरून येतो. माझ्या मते सर्वांत उत्तम जागा म्हणजे मागच्या दाराबाहेरची ओसरी. बॉक्स तिथं ठेवून दार अर्धं उघडं ठेवावं. अंतर मिळतं, अतितार स्वर आपोआप मवाळ होतात आणि आवाज नेमका कुठल्या बिंदूतून येतो हे कानाला सापडत नाही. ते सापडूच नये. दोन्ही बॉक्स खोलीतच ठेवायचे असतील तर थेट पाठीमागे न ठेवता बाजूंना, थोडे मागे, डोक्याच्या वर ठेवावेत. पाच वाहिन्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही भोवतालच्या स्पीकरचा कोन समोरच्या मध्यापासून १०० ते १२० अंशांचा सांगितला आहे, कारण सभागृहाची भव्यता आपल्याला बाजूच्या भिंतींवरून येणाऱ्या आवाजातून सर्वांत जास्त जाणवते.

बॉक्स भारी हवेत असं काही नाही. खर्जाचे स्वर बहुतेक मुद्रणांत मध्यभागी असतात, त्यामुळे ते वजाबाकीत निघून जातात. मागे वूफर लागत नाही. जुन्या टेपरेकॉर्डरचे किंवा टीव्हीचे चार इंची स्पीकर लाकडी खोक्यात बसवले तरी पुरतात. फार लहान असतील तर १०० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर ओळीत घालावा. १६ ओहमच्या जोडीला तो १०० हर्ट्झच्या खालचा मार लागू देत नाही.

मागचा आवाज किती ठेवायचा (कमी करायला वर सांगितलेला रेझिस्टर आहेच), याला एकच माप आहे. मागचे बॉक्स चालू आहेत हे कळता कामा नये. बंद केल्यावर मात्र खोली आकसल्यासारखी वाटली पाहिजे. पहिल्या दिवशी सगळे जण तो जास्त ठेवतात, कारण नवीन केलेलं काम ऐकू यावं असं वाटतं. दोन-चार दिवसांनी तो निम्म्यावर येतो, आणि तेव्हा कुठे ते बॉक्स आपलं काम करू लागतात.

काय वाजवलं तर काय मिळेल हेही सांगायला हवं. थेट मैफलीचं, दोन-चार माइक दूर ठेवून केलेलं मुद्रण असेल तर लाभ पुरेपूर. लता मंगेशकर १९७४ साली लंडनच्या ज्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या, तो हॉल प्रतिध्वनीसाठी इतका बदनाम होता की १९६९ साली त्याच्या घुमटाखाली फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या टांगाव्या लागल्या. अशा वास्तूंतल्या स्टिरिओ मुद्रणात घुमट मागे उभा राहतो. स्टुडिओत एकेक वाद्य वेगळं घेऊन जुळवलेल्या आजच्या चित्रपटगीतांत खरी जागा नसते, यंत्रानं घातलेली गुंज असते. तीही पसरते, पण कधी गोड, कधी विचित्र. मोनो गाण्यांना नंतर ओढूनताणून ‘स्टिरिओ’ केलेल्या आवृत्त्या मागून कर्कश वाजतात, त्या टाळाव्यात. एफएमचं केंद्र लांब असेल तर फरकाच्या वाहिनीतला सूं-सूं आवाज आधी मागे येतो, तेव्हा रेडिओ मोनोवर टाकावा. आणि कमी बिटरेटचं एमपी३ लावलं तर मागून पाण्यात बुडबुडे फुटल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. फाईल लहान करताना सर्वांत आधी कात्री लागते ती याच फरकाला. समोरच्या दोन स्पीकरवर ही चोरी लपते, मागच्यांवर उघडी पडते.

थोडक्यात, मुद्रणात नसलेली जागा कुठलाही मागचा स्पीकर आणून देऊ शकत नाही. आणि इथं मला आपल्या भागाची एक हानी मनापासून टोचते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून झालेल्या झाडीपट्टीची स्वतःची रंगभूमी आहे. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की वडसा-देसाईगंजहून नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. कुरखेडा तालुक्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या जगाचं लक्ष या रंगभूमीकडे थोडं वळलं. या नाटकाला भिंती नाहीत, छत नाही. कापडी मंडप आवाज परतवत नाही, तो सरळ रात्रीत निघून जातो. इथली गुंज म्हणजे माणसंच. शिट्ट्या, पोरांची रडारड, विनोदावर उजवीकडून उठून डावीकडे पसरत जाणारं हसू, गाण्याला मिळालेला ‘वन्स मोअर’. नट त्याला उत्तर देतो, थांबतो, वाढवतो. ते काढून टाकलं तर झाडीपट्टीचं नाटक अर्धंच उरतं.

आणि आज जी मुद्रणं होतात त्यांतली बरीच नेमकी तेच काढून टाकतात. मिक्सरमधून एक वायर घेतली जाते, तिच्यात मंचावरच्या माइकांचा आवाज तेवढा असतो, आणि तो मोनो. घरी लावा, मागचे बॉक्स गप्प. हजारो माणसं त्या रात्री तिथं बसली होती याची खूण त्या फाईलमध्ये नाही. धानोऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या मेंढा गावात, कठाणीच्या काठी, गोंडांच्या गोटुलात ढोल-मांदरी वाजतात आणि रेला नाच रंगतो, त्याचंही असंच. गोलात नाचणाऱ्यांच्या मध्ये उभं राहिलं तर आवाज आपल्याभोवती फिरतो. एका फोननं बाहेरून घेतला की तो एका ठिपक्यात गोळा होतो.

हे बदलायला फार काही लागत नाही. फोनला लावायचा साधा स्टिरिओ माइक किंवा हातात मावणारा रेकॉर्डर चालतो. दोन सुटे माइक असतील तर फ्रेंच रेडिओनं घालून दिलेलं माप पाळावं: दोघांमध्ये १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, जवळपास आपल्या दोन कानांसारखं. ते मंचाला चिकटून ठेवू नयेत. प्रेक्षकांच्या मधोमध, बांबूला बांधून, डोक्यांच्या वर ठेवावेत. मिक्सरची वायर हवी तर वेगळी नोंदवावी. संवाद स्पष्ट हवे असतील तेव्हा ती नंतर मिसळता येते. फाईल एमपी३ न करता वेव्ह म्हणूनच साठवावी. नाटक मंडळीला आणि गावाला आधी विचारावं, गोटुलात जायचं असेल तर ग्रामसभेला विचारावं.

धानोऱ्यात, वडशात, ब्रह्मपुरीत हातात फोन असलेली आणि आवाजाची आवड असलेली पोरं पुष्कळ आहेत. त्यांना माझं सांगणं आहे की पुढच्या मंडईला दोन माइक घेऊन मंडपाच्या मध्यात बसा आणि पडदा उघडण्याच्या पंधरा मिनिटं आधी रेकॉर्डिंग सुरू करा.